चार बोटांचं कुंकू

१

हिंमतराव मुकादम मेल्यानं पंजाबरावाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून टाकतो. मागून घोळ नको. पितळी मुठीची काठी. काळी छत्री, आणि बाकीचे उन्हात राबत असताना ती स्वतःच्या डोक्यावर धरायचा हक्क. साऱ्या टोळीला एका फुंकरीत उभी करणारी शिट्टी. शिवाय स्वतःचं नाव. पंजाबराव हा हिंमतरावाचा चुलतभाऊ. कामावर हजेरी घ्यायचा, पण रस्त्यावर त्याला कोणी पंजाबराव म्हणत नसे. ‘मुकादमाचा भाऊ’ म्हणत. डोक्याचे केस पिकायला लागेपर्यंत दुसऱ्याच्या नावावर जगणं काय असतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

रुखमाबाई खडी फोडायची. तिच्या हाती काहीच लागणार नव्हतं. मागल्या उन्हाळ्यात ‘हात चालवा, हात चालवा’ करत हिंमतरावानं माणसं चालत्या इंजिनापुढं रेटली होती, त्यात तिच्या नवऱ्याचा पाय गेला. मुकादम गेला तर तिला झोप लागली असती, एवढीच तिची मिळकत.

राहिला तुळशीराम ड्रायव्हर. त्याच्या इंजिनाच्या सावलीत आडवा होणारा एक माणूस कमी झाला असता. ऐकायला हे काहीच नाही. पण त्या सावलीवरूनच त्यानं नवरात्र बसायच्या सुमारास साऱ्या टोळीसमोर हिंमतरावाला बजावलं होतं, “एक दिवस याच इंजिनाखाली जाशीन तू, सांगून ठेवतो!”

खंडे नवमीच्या दुपारी हिंमतराव त्याच इंजिनाखाली गेला.

२

उंद्री सोडली की रस्ता टेकाडावर चढतो. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं त्या साली तिथं खडी टाकायला घेतली होती, आणि खडी दाबायला वाफेचं इंजिन आणलं होतं. ते आमच्या गावातून पहिल्यांदा गेलं तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी माझ्या दुकानातल्या तराजूची पारडी थरथरली. मग माठातल्या पाण्यावर वलयं उठली. मग ते वळणावर दिसलं. पुढं हत्तीच्या पोटाएवढा लोखंडी रूळ, मागं पुरुषभर उंचीची दोन चाकं, वर धुराडं. ज्या काळ्या दगडानं आमच्या कुदळींची तोंडं मोडली, तो त्याच्याखाली पापडासारखा मोडत होता. आणि हे सगळं कोणावर न रागावता, न घाई करता. म्हाताऱ्या बायांनी सासऱ्यापुढं घ्यावा तसा डोईवर पदर ओढला. मी स्वतः हात जोडले होते, आणि मी उगीच कोणाला हात जोडणारा माणूस नाही.

तर त्या दुपारी कोतवाल पळत आला, आणि मागोमाग आमचे पोलिस पाटील, उकंडराव. अंगानं दांडगे, चालीनं सुस्त, आणि समोरचा बोलत असला की अर्धे डोळे मिटून ऐकणारे. लोकांना वाटायचं पाटील झोपले. तिथंच लोक फसायचे.

“वामनराव, दुकान बंद करा. पंच व्हाचं हाय तुमाले. अन् सुपारी असली तं कातरून द्या थोडी.”

“तुमचा अडकित्ता कुठं गेला?”

“पुजेत गेला!” पाटील करवादले. “घरात लोखंडाचं म्हणून जे जे सापडलं ते बायकोनं पुजेत मांडलं. अडकित्ता, विळी, उलथनं. दाराचा कोयंडा तेवढा वाचला. आता उद्या दसऱ्यापर्यंत सुपारी दातानं फोडा.”

माझाही अडकित्ता पुजेतच होता. त्यांनी अख्खी सुपारी दाढेखाली धरली आणि आम्ही निघालो.

टेकाडाच्या चढावर इंजिन नेहमीच्या जागी नव्हतं. ते उतारानं खाली सरकून रस्त्याच्या कडेच्या चरात तोंड खुपसून बसलं होतं. त्याच्या धुराड्याला झेंडूची माळ होती, अंगावर पाण्याचे ओघळ होते. आणि मागच्या एका चाकाखाली हिंमतराव होता. बाहेर दिसत होता तो फक्त एक जोडा, आणि थोडी पलीकडं उघडी पडलेली छत्री.

तुळशीरामला लोकांनी त्याच्याच फेट्यानं बाभळीला बांधून ठेवलं होतं. पंजाबराव गर्दीच्या पुढं उभा होता. पितळी मुठीची काठी त्याच्या हातात होती. इतक्यातच.

“तालुक्याले माणूस पाठवला म्या,” तो पाटलांना म्हणाला. “फौजदार साहेब दिवे लागाच्या आत येतीन. तुमी पंचनामा तेवढा करा. आरोपी तं बांधलाच हाय.”

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. फौजदार माणूस वाईट नव्हता. पण बांधलेला आरोपी आयता मिळाल्यावर न बांधलेला शोधायला कोण जातं? दिवे लागेपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर तुळशीरामची वरात बुलढाण्याला निघणार, आणि तिथून कुठं, ते सांगायला नको.

३

पाटील आधी इंजिनाजवळ गेलेच नाहीत. रस्त्याच्या कडेला, पळसाखाली पूजा मांडली होती. जोडे काढून ते तिथं गेले आणि वाकले. मीही वाकलो. खंडे नवमीला हत्यारापुढं वाकल्याशिवाय पुढं कोण जातो?

पूजा मोठी भरगच्च होती. घोंगडीवर पहारी, कुदळी, फावडी, घमेली, घण, ड्रायव्हरचे पाने, सगळी रास. वर झेंडू आणि ज्वारीची कणसं. राशीत वरवर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कुंकवाची बोटं ओढलेली. आमच्याकडं कुंकवात पंजा बुडवून पाचही बोटं एकदम ओढायची रीत. इथं मात्र प्रत्येक ठिकाणी चारच रेघा होत्या आणि मधे एक फट. त्यात नवल नव्हतं. पूजा दरसाल हिंमतराव करायचा, आणि त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट मागल्या साली, टोळी दुसऱ्या रस्त्यावर असताना, इंजिनाच्या दात्यांनी घेतलं होतं. चालत्या इंजिनातली चिंधी काढायला हात घातला, चिंधी निघाली आणि बोट राहिलं. हिंमतरावाचं म्हणणं वेगळंच होतं. त्या साली पुजेत एक घमेलं मांडायचं राहून गेलं होतं, त्याचा हा कोप. इंजिनाच्या दात्यांना त्यानं कधी दोष दिला नाही.

“आता बोल,” पाटील तुळशीरामपुढं उकिडवे बसले. “इंजिन कसं लावलं होतं?”

तुळशीराम अकोल्याकडचा. काळा, सडपातळ, भुवया आगीनं जळालेल्या. “सकाळी आग पाडली, पाटील, इंजिन थंडं केलं. ब्रेक आवळला. मंग दोन्ही मागच्या चाकायखाली ठोकळे मारले, घणानं. माह्या हातानं. मंग पाने अन् घण पुजेसाठी मुकादमाच्या हवाली केले, अन् नाल्यावर आंघोळीले गेलो.”

“नुसता ब्रेक पुरत नाई?”

“सपाटीवर पुरते. चढावर एवढं धूड ब्रेकच्या भरवशावर सोडणारा ड्रायव्हर मेलेला बरा.”

“कसे होते ठोकळे?”

“बाभळीचे. पाचरीसारखे उतरते. फुटू नये म्हणून लोखंडी पट्टी मारलेली. साऱ्यायनं पाह्यले हायत.”

“मंग हिंमतरावाले धमकी काऊन देल्ली?”

तुळशीरामनं मान वर केली. “धमकी? तो रोज उताराच्या बाजूनं चाकाच्या सावलीत झोपे. म्या हजार खेपा उठवला. अशा माणसाले दुसऱ्या कोन्या भाषेत सांगाचं, तुमीच सांगा. लोक गरम इंजिनाले भेतात, पाटील. थंडं इंजिन दिसलं का त्याले झाड समजतात. माणूस थंड्या इंजिनाखालीच जाते.”

पाटील उठले आणि इंजिन सकाळी उभं होतं तिथवर चढून गेले. काळ्या खडीवर चाकांच्या खुणा स्वच्छ होत्या. पण तिथं ठोकळे नव्हते. कोतवालानं, मी, टोळीतल्या माणसांनी चर पाहिला, झुडपं पाहिली, पालं पाहिली, नाल्यापर्यंत पाहून आलो.

ठोकळे कुठंच नव्हते. ते आपोआप चालत जाणारे नव्हते. म्हणजे कोणीतरी काढले होते.

४

चाकांच्या जागी पाटील बराच वेळ खाली पाहत उभे होते. तिथं काळ्या खडीवर, दोन्ही चाकांच्या खुणांपाशी, तांबूस चिखल चेपून बसला होता. त्यांनी बोटावर घेऊन चोळला.

“मुरूम,” ते म्हणाले, आणि बोट धोतराला पुसलं.

रुखमाबाई खडीच्या ढिगाशी बसली होती. हातोडी पुजेत असल्यानं तिचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

“तू इथंच होती?”

“हाव. भाकर खाऊन राह्यली होती.”

“हिंमतराव गेला त्याचं तुले वाईट वाटलं नसन.”

“खोटं काऊन बोलू? सकाळी कोनी इचारलं असतं तं म्या पेढे वाटले असते. पन दादा, तुमी तं ते पाह्यलं नाई. धूर नाई, शिट्टी नाई, फुकफुक नाई. साऱ्या रस्त्यानं ते बोंबलत चालते, आज मुकं चाललं. खाली जरासं कुरकुरलं, अन् चाललं. एवढं मोठं, अन् आवाज पाचोळ्याएवढा. म्या वरडली.”

“काय वरडली?”

“‘मुकादम, उठा’ वरडली. ज्याच्या नावानं वर्सभर बोटं मोडली, त्यालेच उठ म्हनून वरडली.” तिनं पदर तोंडाला लावला. “त्यायनं डोळे उघडले. उठाचं राह्यलं.”

“इंजिनाखाली झोपाले त्याले भेव नाई वाटलं? बोट गेलेला माणूस तो.”

“आज तं मुळीच नाई वाटलं! मले म्हने, ‘आज इंजिनदेव न्हाला, जेवला, झोपला. आज भ्याचं काम नाई. यंदा पुजेत काहीच राहू देल्लं नाई म्या.’”

पाटलांचे डोळे नेहमीसारखे अर्धे मिटलेले होते. ते एकदम पूर्ण मिटले. मी त्यांना ओळखतो. आत काहीतरी हललं होतं.

पंजाबराव स्वतःहून पुढं आला. “मले काय इचाराचं? मी तं नव्हतोच. सकाळपासून पुजेपाशी फिरकलो नाई. नारळ आनाले उंद्रीले गेलतो. वामनरावच सांगतीन.”

खरंच होतं. आरतीच्या वेळेला तो माझ्या दुकानी आला होता; घामाघूम, पाणी मागत. मी तसं सांगितलं.

“मंग मिटलंच,” पाटील म्हणाले. “फेट्याच्या शेवाले काय लागलं रे ते, तांबडं?”

पंजाबरावानं शेव पाहिला. “कुंकू. पुजेचं.”

“बरं,” पाटील म्हणाले. त्यांच्या ‘बरं’नंतर माणसाला घाम फुटतो. पंजाबराव मात्र काठीच्या पितळी मुठीवर अंगठा फिरवत राहिला.

सूर्य कलायला लागला होता. तेवढ्यात पालांकडून बायांचा गलका आला, आणि सगळ्यांच्या पुढं, अनवाणी, गोजरबाई आली. हिंमतरावाची बायको.

५

ती रडत नव्हती. तिनं चाक पाहिलं, जोडा पाहिला, मग आम्ही सगळे उभे होतो ते पाहिलं.

“काऊन उभे हात सारे?” ती म्हणाली. “काढा नं त्यायले बाहेर.”

शेवटी टोळीतला एक म्हातारा जमिनीकडं पाहत म्हणाला, “वयनी, चाक उचलाले पहारी पायजेत. पहारी पुजेत हायत. उद्याशिवाय उठवता येत नाई.”

“गावातून आना.”

“गावात बी तेच, माय,” कोतवाल म्हणाला. “म्या घरोघर जाऊन आलो. ज्याच्या त्याच्या घरची पहार पाटावर बसली हाय.”

बाभळीला बांधलेला तुळशीराम म्हणाला, “आग पेटवून इंजिन मागं घेतो म्या. पन कोळशाचं फावडं बी पुजेतच हाय. अन् वाफ धराले रात होईन.”

म्हणजे असं होतं. तालुका जवळ, गाव जवळ, शंभर हात रिकामे, आणि एका माणसाच्या अंगावरचं चाक उचलायला साऱ्या मुलखात एक लोखंड मोकळं नव्हतं. सगळं लोखंड त्या दिवशी देव झालं होतं. हसावं की काय करावं कळेना, आणि हसण्याची ती जागा नव्हती.

गोजरबाई पळसाकडं चालू लागली. तेव्हा पंजाबराव आडवा आला. काठी धरून, पुजेच्या पुढं.

“वयनी, मांगं व्हा. पूजा मोडली तं देवीचा कोप होईन. दादानं सोताच्या हातानं मांडली. दादाचीच पूजा मोडता?”

“ज्यायनं मांडली ते कुठी हायत?” गोजरबाई म्हणाली.

पंजाबरावानं काठी आणखी पुढं केली.

“त्यायच्या अंगावर चाक हाय, अन् तू मले पूजा सांगून राह्यला? बाजूले हो.”

“पाटील, तुमी तरी सांगा इले!”

“काय सांगू?” पाटील म्हणाले. “तुले पुजेची काऊन एवढी काळजी, तेच मी समजून राह्यलो.”

गोजरबाईनं त्याच्याकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ती पुजेपुढं गुडघ्यावर बसली, जमिनीला कपाळ टेकलं, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “माय, तुले राग येईन तं माह्यावर काढ. घेण्याजोगं आता माह्यापाशी काही राह्यलं बी नाई.”

मग तिनं दोन्ही हातांनी एक पहार धरली आणि ओढली.

मी पुष्कळ धीट माणसं पाहिली. तोफखान्यातून आलेले पाहिले. पण त्या बाईच्या त्या दोन हातांएवढं धीट काही पाहिलं नाही. पहार निघाली. रास घसरली. झेंडू, कणसं, घमेली खडखडत खाली आली, आणि तळातून दोन वस्तू गडगडत पाटलांच्या पायाशी येऊन थांबल्या.

बाभळीचे ठोकळे. लोखंडी पट्टी मारलेले.

६

“माहे ठोकळे!” तुळशीराम ओरडला.

“यानंच लपवले!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. “ड्रायव्हरनंच पुजेत दडवले!”

“थांब ना बे,” पाटलांनी एक ठोकळा उचलला. “आधी पाह्य तं. पट्टीवर काय हाय?”

पट्टीवर कुंकवाच्या रेघा होत्या. एक, मग एक, मग मोकळी फट, मग दोन. पाटलांनी तो ठोकळा गोजरबाईच्या हातात दिला. तिनं रेघांवर आपला पंजा ठेवला, मधलं बोट दुमडलं. बरोबर बसला.

“त्यायचीच बोटं,” ती म्हणाली.

“हिंमतरावाचीच,” पाटील म्हणाले. “कुंकू त्यानंच लावलं, म्हंजे ठोकळे पुजेत बसवले ते त्याच्या माहितीनं. दुसऱ्या कोन्याचं ते काम नाई. मागल्या साली घमेलं राह्यलं म्हनून बोट गेलं, असं तो म्हने. यंदा काहीच राहू द्याचं नव्हतं. ड्रायव्हरच्या लेखी ठोकळा म्हंजे इंजिनाचा पाय, म्हनून त्यानं तो देल्ला नाई. पन लोखंड दिसलं का आज आपल्या लोकायचे हात जुळतात. माह्या घरचा अडकित्ता गेला, तेव्हाच मले उमजाले पायजे होतं. दोन तास आपन सारे ठोकळे धुंडून राह्यलो, अन् दर खेपी या पुजेले वाकून पुढं जाऊन राह्यलो. पुजेत हात घालाची हिंमत कोनाची?”

“मग खून कोणाचाच नाही?” मी विचारलं.

“दम धरा. हिंमतराव भक्त होता, येडा नव्हता. ठोकळे काढून उघड्या चाकाखाली तो झोपला नसता. त्यानं चाकाले काहीतरी लावाले सांगतलंच असन. लावलं काय? मुरमाचे ढेकळं. सुकं ढेकूळ दगडावानी दिसते. मंग यायनं इंजिनाले घागरीनं आंघोळ घातली. पाणी चाकावरून खाली उतरलं. मुरूम भिजला, भिजून खीर झाला. ब्रेक एकटा पडला.” पाटील वळले. “आता मुरूम कोनं लावला? खडी फोडणाऱ्या हातानं मुरूम लावला नसता. इथं काळ्या दगडाचे ढीग पडले हायत. मुरूम त्यानं लावला ज्याले दगड उचलाची सवय नाई, अन् जवळ जे दिसलं ते फेट्यात बांधून आणलं. पंजाबराव, शेव दाखव.”

“सांगतलं नं, कुंकू...”

“तू पुजेपाशी फिरकला नाईस, तं कुंकू कुठून लागलं?” पाटलांनी शेव चिमटीत धरला आणि माझ्या बोटांवर चोळला. “वामनराव, कुंकू खरखरते काय?”

खरखरत होतं. वाळूसारखं.

पंजाबराव काठीवर टेकला. मग काठीही सुटली.

“दादाच म्हने,” तो म्हणाला. “‘ठोकळे आण, अन् चाकाले दगड लावून दे.’ ऊन लय होतं. दगडाचा ढीग त्या अंगाले होता. मुरूम या अंगाले. म्या म्हनलं, ढेकूळ काय अन् दगड काय, घटकाभराचं काम. ठोकळे दादाले देल्ले अन् नारळाले गेलो. आलो तं...” त्यानं चाकाकडं पाहिलं नाही. “म्या मारलं नाई, पाटील. देवाशपथ, म्या मारलं नाई.”

“नाई मारलं,” पाटील म्हणाले. “पन ठोकळे कुठी हायत ते तुले ठाऊक होतं. तुळशीरामले झाडाले बांधला, तेव्हा बी ठाऊक होतं. तो फासावर गेला असता तं?”

पंजाबराव मुरूम लागलेला शेव मुठीत चुरगळत राहिला.

तुळशीरामला सोडलं. त्याच्या मनगटावर फेट्याचे वळ होते. लोक पहारी घेऊन धावले, तसा तो ओरडला, “मांगं व्हा सारे! उताराच्या अंगाले कोनी उभं राहू नका!” मग त्यानं गोजरबाईपुढं हात केला. तिनं दोन्ही ठोकळे दिले. तुळशीरामनं चाकाखाली ते बसवले, कुंकवासकट, आणि घणानं ठोकले. मग त्याची आरोळी. मग पहारी. पंधरा-वीस माणसं एका दमात लागली आणि ते धूड एवढं-एवढंसं उचललं. ठोकळे मागोमाग सरकवले. पुन्हा दम, पुन्हा ठोकळे. हिंमतराव बाहेर येईपर्यंत ते अख्खं डोंगराएवढं लोखंड बाभळीच्या दोन तुकड्यांवर तोललेलं होतं, आणि आम्ही सगळे त्या तुकड्यांकडं पाहत होतो, इंजिनाकडं कोणीच नाही.

७

फौजदार दिवे लागायच्या आत आले. बांधलेला कोणी सापडला नाही म्हणून जरा हिरमुसले, मग पाटलांनी सांगितलं ते लिहून घेऊन गेले. अपघात.

पितळी मुठीची काठी हिंमतरावाबरोबर चितेवर गेली, गोजरबाईनंच ठेवली. पंजाबरावाला छत्री मिळाली नाही, शिट्टी मिळाली नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी हजेरी पुकारली, तर टोळीतून एकाही माणसानं ‘हाव’ म्हटलं नाही. तो देऊळगाव राजाकडं कुठं कामाला गेला म्हणतात. नाव मात्र त्याला त्याचं स्वतःचं मिळालं. आमच्या भागात कच्च्या आधाराला आता ‘पंजाबरावाचा मुरूम’ म्हणतात, आणि मुकादमाचा भाऊ कोण होता ते पोरांना ठाऊकही नाही.

रुखमाबाईला झोप मिळायची होती. नाही मिळाली. पाचोळा वाजला तरी ती उठून बसते.

तुळशीराम सुटला. सावलीवरून तो आता कोणाला शिव्या देत नाही, भविष्य सांगत नाही. नुसता हात धरून उठवतो. पाटलांची दाढ सुपारीवर फुटली ती फुटलीच.

इंजिनाला काय? दसऱ्याला सकाळी त्याची आग पेटली, आणि ते त्याच चढावरून, त्याच खडीवरून, कोणावर न रागावता निघालं. पारडी थरथरली. मी पुन्हा हात जोडले. पण मनात म्हटलं, बाप्पा, तुला काही कळत नाही, म्हणून तुझ्यापाशी आम्हालाच सगळं कळून वागावं लागतं.

पुढच्या खंडे नवमीला टोळी पल्याडच्या चढावर होती. गोजरबाई आता टोळीतच होती. तिनं मागून घेतलेलं काम एकच, इंजिन थांबलं की ठोकळे लावायचे आणि तुळशीरामनं सांगितल्याशिवाय काढायचे नाहीत. पूजा मांडली गेली. कोणीतरी म्हणालं, “गोजरबाई, ठोकळे राह्यले पुजेतून.” ती कुंकवाची वाटी घेऊन उठली, चाकापाशी गेली, उताराच्या नव्हे, चढाच्या बाजूनं. पुढं वाकून हात लांबवला. ठोकळे जागचे हलवले नाहीत. जिथं होते तिथंच, चाकाखाली, तिनं त्यांच्यावर बोटं ओढली. मधलं बोट दुमडून.

तेव्हा बेरीज अशी. हिंमतरावानं जीव मोजला, एकदाच. पंजाबरावाला त्याच्या मौनाचं मोल मिळालं. हिंमतरावाकडून जे राहून गेलं, ठोकळे न हलवता पुजणं, ते दर सालच्या त्या चार बोटांनी गोजरबाई अजून भरते आहे.